गाडी ऑइल खातेय, मग सिंथेटिक टाकायचं का?

या वेळचं पत्र इंदूरच्याच एका ताईंचं आहे. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देतो.

"आमच्याकडे आयशर 11.10 आहे, 2006 चं मॉडेल, टर्बोवाली. सासऱ्यांनी घेतली होती, आता मिस्टर चालवतात आणि हिशोब मी बघते. इथून बटाटा नाहीतर नमकीनचा माल भरून खंडवा-बुऱ्हाणपूर करत रावेरला जाते, येताना केळी. एक फेरी साडेचारशे किलोमीटरची धरा. दोन फेऱ्यांत लिटरभर ऑइल खाते. आम्ही साधं ऑइल टाकतो, 9,000 किलोमीटरला बदलतो, बदलताना दहा लिटरची बकेट लागते. धाकटे दीर म्हणतात सिंथेटिक टाका, खाणं बंद होईल आणि चेंज सरळ डबल किलोमीटरला. मिस्त्री म्हणतो सिंथेटिक पातळ असतं, जुन्या गाडीत सगळ्या सीलांतून बाहेर येईल, त्यापेक्षा 20डब्ल्यू-50 टाका. मिस्टर म्हणतात बाबा जे 15डब्ल्यू-40 टाकायचे तेच टाका. साधं साडेतीनशे रुपये लिटर पडतं, सिंथेटिक साडेसातशे सांगितलंय. त्यात दिरांनी ऑनलाइन सेलमधून सिंथेटिकचा साडेतीन लिटरचा डबा मागवून पण ठेवलाय, त्यावर 5डब्ल्यू-30 आणि एपीआय एसएन लिहिलंय. तो टॉप-अपला चालेल का? मी कोणाचं ऐकू?"

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे आज रात्री जेवताना पुन्हा तोच विषय नको. सध्या साधंच 15डब्ल्यू-40 (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) टाका, पण डब्यावर एपीआय सीआय-4 प्लस (हा डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलंय हे स्वतः वाचून घ्या, 9,000 ची वेळ चुकवू नका, आणि सिंथेटिकवर जे जास्तीचे पैसे जाणार होते ते गाडी ऑइल का खातेय हे शोधण्यात घाला. म्हणजे सध्या मिस्टरांचं बरोबर आहे. दिरांचं म्हणणं पण चुकीचं नाहीये बरं का, फक्त ते इंजिन धडधाकट असताना लागू होतं आणि तुमचं आज तसं नाहीये. मिस्त्रीचं मात्र मला पटलेलं नाही, त्यावर खाली बोलतो.

हिशोब तुम्ही बघता म्हणून हिशोबच आधी घेऊ. 18,000 किलोमीटर धरा, म्हणजे तुमच्या चाळीस फेऱ्या. साधं ऑइल तेवढ्यात दोनदा बदलणार, वीस लिटर, सात हजार रुपये. वर दोन फेऱ्यांना लिटर या हिशोबाने टॉप-अपचं वीस लिटर, ते आणखी सात हजार. झाले चौदा हजार. आता दिरांच्या म्हणण्याप्रमाणे सिंथेटिक एकदाच बदललं, दहा लिटरचे साडेसात हजार, पण टॉप-अप तर लागणारच ना, वीस लिटर साडेसातशेच्या भावाने पंधरा हजार. झाले साडेबावीस हजार. एक फिल्टर वाचला तो वजा करा, तरी आठ हजारांच्या आसपास जास्तच जातात, आणि हे पैसे इंजिनाच्या कामी न येता सायलेन्सरमधून धूर होऊन जातात. आता हाच हिशोब गाडी ऑइल खात नाही असं धरून करून बघा. साधं सात हजार, सिंथेटिक साडेसात हजार, वर एक फिल्टर वाचला. बरोबरीत आलं की नाही? म्हणजे सिंथेटिक महाग पडतंय ते तुमच्या गाडीच्या खाण्यामुळे.

आणि ते डबल किलोमीटरचं पण जरा जपूनच घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते चांगल्या इंजिनसाठी, साफ एअर फिल्टर, साफ डिझेल असं सगळं धरून असतं. तुमच्या गाडीत पिस्टनच्या रिंगांवरून काजळी खाली उतरत असणार, ती ऑइलमध्येच साठते, मग ऑइल साडेसातशेचं असो की साडेतीनशेचं. काजळी धरून ठेवायची ऑइलची एक ताकद असते, ती संपली की गाळ व्हायला लागतो. काही लोक म्हणतात आम्ही सारखं टॉप-अप करतोच म्हणजे चेंज आपोआप होतोय, तसं अजिबात होत नाही, जुनी घाण आणि जुना फिल्टर तिथेच राहतात.

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय ते पण थोडक्यात सांगतो, कारण दुकानात हा शब्द कुणी कसाही वापरतं. साधं मिनरल ऑइल कच्च्या तेलातून गाळून-शुद्ध करून काढतात, त्यातले रेणू लहानमोठे, सगळ्या आकारांचे असतात. सिंथेटिकमध्ये ते कारखान्यात घडवून एकसारखे केलेले असतात, नाहीतर कच्चंच तेल हायड्रोजनच्या जोरावर तोडून-जोडून इतकं साफ केलेलं असतं की बाजारात ते सिंथेटिक म्हणूनच विकलं जातं, आपल्याकडे दुकानात सिंथेटिक म्हणून मिळणारे बरेचसे डबे या दुसऱ्या जातीचेच असतात. फायदा खरा आहे. उष्णतेत लवकर जळत नाही, वाफ होऊन कमी उडतं, कडाक्याच्या थंडीत घट्ट होत नाही. पण थंडीचा फायदा इंदुरात काय कामाचा? 15डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि 15डब्ल्यू चं ऑइल उणे 25 डिग्रीला सुद्धा पंपाला खेचता आलं पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे जानेवारीत पारा पाच-सहावर आला की आपण शेकोट्या पेटवतो, तुमच्या आयशरला त्याने काहीच फरक पडत नाही.

वाफ कमी होते म्हणून खाणं जरासं कमी होईल का? जरासं होऊ शकतं. पण घासलेल्या रिंगांमधून जे ऑइल वर चढून जळतंय ते कुठल्याही डब्याने थांबत नाही.

आता मिस्त्रीच्या पातळपणाबद्दल. "भिया, सिंथेटिक तो पानी है पानी" हे मी लोहामंडीत इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू, आणि सांगणारे हात सोन्यासारखे असतात, इंजिन डोळे मिटून बांधतील, पण ही गोष्ट चुकीची आहे. ऑइल किती जाड ते ग्रेडवर ठरतं, ते सिंथेटिक आहे की मिनरल यावर नाही. कुठलंही 40 चं ऑइल 100 डिग्रीला 12.5 ते 16.3 सेंटीस्टोकच्या (हे जाडी मोजायचं माप) मध्येच असावं लागतं, दोघांनाही तोच नियम. 15डब्ल्यू-40 सिंथेटिक आणि 15डब्ल्यू-40 साधं, गरम इंजिनात जाडीला सारखेच. गोंधळ यामुळे होतो की सिंथेटिक म्हणून जे डबे समोर येतात ते बहुतेक 5डब्ल्यू-30 चे, कारचे असतात, आणि 30 म्हणजे 9.3 ते 12.5, ते पातळ आहेच. तुमच्या दिरांनी आणलेला डबा पण तोच, त्यामुळे मिस्त्रीला ते पाणी वाटलं असेल तर त्याचं नवल नाही.

सीलांचं म्हणाल तर फार पूर्वी, सिंथेटिक नवीन नवीन आलं तेव्हा काही ऑइलांनी रबर आकसायचं, तिथून ही भीती चालत आलीय. आता रबरावरची टेस्ट पास केल्याशिवाय ऑइलला एपीआयचा दर्जा मिळत नाही. मात्र एक गोष्ट खरी आहे, वीस वर्षांच्या गाडीत सीलं कडक झालेली असतात आणि कधीकधी साचलेला गाळच त्या फटी बुजवून बसलेला असतो. चांगलं डिटर्जंटवालं ऑइल टाकलं की गाळ सुटतो आणि गळती उघडी पडते. सील आधीच गेलेलं होतं, दिसलं आता. आणि हे चांगल्या मिनरलने पण होतं.

गाळावरून आठवलं, मिस्त्रीने "चेंबर साफ करतो" (चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी) म्हणून ऑइलच्या जागी डिझेल भरून इंजिन पाच मिनिटं चालवायचं म्हटलं तर साफ नाही म्हणा. आपल्याकडे हे सर्रास करतात. डिझेलने बेअरिंग कोरडी पडतात, आणि जुन्या गाळाचा एखादा थर सुटून खालच्या जाळीत अडकला तर पंप ऑइल ओढणार कुठून? साफ करायचंच असेल तर चांगलं ऑइल टाका आणि पहिले एक-दोन चेंज लवकर करा, हळूहळू साफ होऊ द्या.

20डब्ल्यू-50 चं थोडक्यात. जाड ऑइल टाकलं की धूर कमी दिसतो, मीटरवर प्रेशर चढलेलं दिसतं आणि सगळ्यांना वाटतं इंजिन सुधारलं. सुधारलेलं काहीच नसतं. सकाळी स्टार्ट मारल्यावर टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) बारीक बेअरिंगपर्यंत ते उशिरा पोचतं आणि टर्बोचा शाफ्ट तर मिनिटाला हजारोंनी फिरतो. गाडीच्या मॅन्युअलात 20डब्ल्यू-40 ला परवानगी असेल तर उन्हाळ्यापुरतं काम होईपर्यंत ते वापरा, माझी हरकत नाही. 50 नको. आणि ते ऑइल घट्ट करणारं मधासारखं अ‍ॅडिटिव्ह मिळतं ते पण नको, त्याने फक्त आजार झाकला जातो.

आता मुख्य काम, ऑइल जातंय कुठे. नऊशे किलोमीटरला लिटर हे तुमच्या एवढ्या इंजिनाला जास्तच आहे, पण लगेच हाफ इंजिन खोलायला बसू नका, आधी फुकटची आणि स्वस्तातली कामं करू. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पुढे पुलीखाली असेल तर पुढचं क्रँक सील, मागे गिअरबॉक्सच्या जोडावर असेल तर मागचं, बाजूने असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग नाहीतर चेंबरचं पॅकिंग. पॅकिंगचं काम शेकड्यात होतं. पुठ्ठा कोरडा निघाला तर ऑइल आत जळतंय.

मग एअर फिल्टर काढून बघा, हे मी मुद्दाम वर ठेवतोय कारण तुमचा रस्ता मला माहीत आहे. इंदूर-खंडवा रोडचं चौपदरीकरणाचं काम निघाल्यापासून तिथे धूळ किती खाल्लीय गाड्यांनी ते सिमरोलच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फिल्टर चोकला की टर्बो हवा ओढायला जास्त जोर लावतो आणि हवेबरोबर स्वतःचंच ऑइल पण ओढायला लागतो. आणि फिल्टर फाटलेला असेल, नाहीतर त्याच्या पाइपाची क्लिप ढिली असेल तर आणखी वाईट, ती बारीक माती सरळ लायनरमध्ये (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) जाते आणि रिंगा घासते. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर पुन्हा पुन्हा लावला जातोय का हे मिस्टरांना विचारा. टर्बोच्या हवेच्या पाइपात बोट घालून बघा, ओलसर तेलकट असणं चालतं, पण ऑइल साचून ओघळत असेल तर टर्बो संशयात.

पुढे ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप. इंजिन गरम असताना स्लोवर ठेवून ऑइल भरायच्या झाकणावरून बघा. थोडी वाफ सगळ्यांनाच येते, पण झाकण नुसतं ठेवलं तर उडतंय, कुकरसारखं फसफसतंय, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते येतंय, रिंगा-लायनर गेलेत. पण त्याआधी ब्रीदरचा पाइपच तर चोकला नाही ना ते बघून घ्या, दोनशे रुपयांच्या पाइपापायी इंजिन खोललेले लोक मी बघितलेत. धुराचा रंग येताना बघायला सांगा, केळी भरलेली असतात, बडवाह सोडल्यावर बलवाड्यापासून चढ लागतो आणि भेरूघाटात गाडी खरी ताकद लावते. तिथे आरशात निळसर धूर दिसला तर रिंगांकडे बोट जातं. काळा असेल तर तो डिझेलचा किंवा हवेचा प्रश्न आहे, ऑइलचा नाही. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व सीलं, ते हेडचं काम आहे, इंजिन बांधण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचं.

अजून एक, जे कुणी विचारत नाही. मिस्टर ऑइल किती भरतात? खूप ड्रायव्हर "थोडं जास्तच बरं" म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरतात, मग क्रँक त्यात आपटतो, फेस होतो, आणि जास्तीचं ब्रीदरमधून बाहेर पडतं, आणि पुन्हा खाली गेलं म्हणून पुन्हा भरतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिक पुसून परत घालून बघायचं. दोन खुणांच्या मध्ये असलं की पुरे.

आणि त्याच वेळी ऑइल बोटाला लावून त्याचा वास घ्या. हे मी हात जोडून सांगतो, त्याचं कारण आहे. मी तेव्हा ट्रान्सपोर्ट नगरात एका वर्कशॉपमध्ये होतो, दिवाळीच्या आधीचा आठवडा, अंगणात गाड्यांची रांग. एक ड्रायव्हर ग्रीसिंगला आला होता, मला म्हणाला बघा, आमची गाडी ऑइलचा थेंब खात नाही, उलट महिनाभरात पट्टीवर वर चढलंय. मी डिपस्टिक ओढली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं. बोटावर घेतलं तर ते चिकटत नव्हतं, दोन बोटांमध्ये तार धरत नव्हतं, सरकत होतं, आणि वास स्वच्छ डिझेलचा. डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं आणि डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरत होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याला म्हणालो गाडी उभी कर, तो म्हणाला माल चढलाय, परत आल्यावर करतो, आणि समोर अजून सहा गाड्या उभ्या होत्या म्हणून मी जास्त बोललो नाही. गाडी घाटात बसली. बेअरिंगं क्रँकला चिकटली होती, क्रँकवर नखाएवढ्या चरा. त्या मालकाची एकच गाडी होती, तुमच्यासारखीच, पुढचे दोन महिने ती आमच्याच अंगणात उभी होती आणि तो दर दोन दिवसांनी येऊन बघून जायचा. मी त्या दिवशी किल्ली काढून घ्यायला हवी होती असं मला अजून वाटतं. तेव्हापासून ऑइल कमी होतंय म्हणणाऱ्यापेक्षा ऑइल वाढलंय म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. तुमचं कमी होतंय हे खरं, पण खाणं आणि डिझेल मिसळणं दोन्ही एकत्र चालू असेल तर पट्टीवर ते कळतच नाही, वासावरून कळतं. ऑइलचा एक थेंब टीपकागदावर नाहीतर साध्या कॉफी फिल्टरच्या कागदावर टाका आणि रात्रभर ठेवा. मध्ये काळा, भोवती हळूहळू फिकट होत जाणारा करडा गोल असेल तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. काजळी सगळी मध्येच घट्ट गोळा झालीय आणि कडेला एकदम कोरी धार असेल तर बदलायची वेळ झाली. बाहेर रुंद, फिकट, तेलकट कडं पसरलं असेल तर डिझेल. आणि ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरतंय, तेव्हा गाडी अजिबात हलवू नका, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघा.

डिझेल इंजिनात नवीन ऑइल दोन दिवसांत काळं होतं, त्याला घाबरू नका. ते काजळी उचलतंय म्हणूनच काळं होतंय.

सीआय-4 प्लसच का म्हटलं तेही सांगतो. सीआय-4 हा दर्जा 2002 मध्ये आला, तेव्हाच्या जास्त गंधकवाल्या डिझेलचा विचार करून बनवलेला, म्हणजे ॲसिड मारायची ताकद त्यात भरपूर असते, आणि प्लसमध्ये काजळी सांभाळायची ताकद वाढवली. तुमची 2006 ची गाडी त्याच काळातली. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून देशभर पंपावर 10 पीपीएम (दहा लाखात 10 भाग) गंधकाचं डिझेल मिळतंय, तुमची गाडी आली तेव्हा ते 500 होतं, म्हणजे ऑइलवरचा तो भार तसाही खूप कमी झालाय. दुकानदाराने सीके-4 दिलं तर तेही जुन्या गाडीला चालतं, ते 2016 च्या शेवटी आलंय आणि मागच्या गाड्यांना चालेल असंच बनवलंय. एफए-4 लिहिलेलं मात्र घेऊ नका, ते नव्या इंजिनांसाठी पातळ ठेवलेलं आहे. उलटी काळजी पण घ्या, उद्या बीएस-6 गाडी घेतलीत तर त्यात हे उरलेलं सीआय-4 ओतू नका, त्याच्या राखेने सायलेन्सरमधला महागडा फिल्टर चोकतो.

डबा कुठून घ्यायचा ते तर ऑइलच्या जातीपेक्षा महत्त्वाचं. ट्रकच्या ऑइलमध्ये नकली माल खूप आहे. कंपनीच्या पेट्रोल पंपावरून घ्या किंवा डीलरकडून पक्क्या बिलावर, झाकणाची रिंग अखंड बघा, बॅच नंबर डब्यावर आणि झाकणावर जुळतो का बघा, कोड असेल तर मोबाइलने स्कॅन करा. आणि रिकामी बकेट भंगारात देण्याआधी तिला खिळ्याने भोकं पाडा, लेबल फाडा. तुमचीच चांगली बकेट कुठेतरी भरून परत बाजारात येते. "लिटरमागे ऐंशी रुपये कमी, बिल नको" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा.

इंजिन बांधायची वेळ आलीच, रिंग-पिस्टन-लायनर नवीन पडले, तर पहिले काही हजार किलोमीटर मिनरलवरच चालवा, नव्या रिंगा लायनरवर नीट बसायला थोडं घासणं लागतं, मिस्त्री आणि मॅन्युअल सांगतील तेवढं. पहिलं ऑइल लवकर बदला. मग सिंथेटिक 15डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-40 टाकायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, सीआय-4 प्लस नाहीतर सीके-4. मे महिन्यात निमाडात 43-44 डिग्रीत, भरलेली गाडी, टर्बो लाल झालेला, तिथे सिंथेटिक खरंच कामाला येतं, टर्बोत जळून कोळसा होत नाही. आणि टर्बो आज साध्या ऑइलवर पण जपता येतो: घाट चढून चहाला थांबलात की चावी लगेच बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्यायची, टर्बो गार होऊ द्यायचा. मिस्टर करत असतील तर उत्तम, नसतील तर आजपासून.

आता दिरांचा डबा. नाही ताई, तो आयशरमध्ये नको, टॉप-अपला पण नको. सिंथेटिक आणि मिनरल मिसळलं म्हणून काही फुटत नाही, एका दर्जाची, एका ग्रेडची असतील तर अडीअडचणीला मिसळलेली चालतात. इथे अडचण वेगळी आहे. एसएन हा पेट्रोल कारचा दर्जा, त्यातल्या 5डब्ल्यू-30 मध्ये झीज थांबवणारं फॉस्फरस 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवतात, कारच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून, ट्रकच्या डिझेल ऑइलमध्ये ते जास्त लागतं. काजळी धरायची त्याची तयारी नसते. आणि गरम बेअरिंगच्या दाबात जो थर टिकायला हवा त्याचा किमान आकडा 15डब्ल्यू-40 ला 3.7 आहे, 5डब्ल्यू-30 ला 2.9. भेरूघाटात केळी भरलेल्या गाडीत मला तो 2.9 नको वाटतो. सील तोडलेलं नसेल तर परत पाठवून द्या, सेलचा माल असला तरी परत घेतात का ते बघा. घरात कार असेल आणि तिच्या मॅन्युअलात 5डब्ल्यू-30 लिहिलं असेल तर तिच्या पुढच्या चेंजला ठेवा. आणि दिरांना नाराज करू नका, त्यांनी घरच्या गाडीचं भलं व्हावं म्हणूनच पैसे घातलेत. या रविवारी गाडीखाली पुठ्ठा टाकायचं, एअर फिल्टर उघडायचं आणि कागदावरचा थेंब बघायचं काम त्यांनाच द्या, तिन्हींचे फोटो आणि घाटातल्या धुराचा रंग मला कळवा, मग इंजिन खोलायचं की नाही ते आपण ठरवू.